तीन काळ्यापांढऱ्या फ्रेम्समधून रंगीत फोटो: झालर कुठून येते ते आधी ओळखा

तुमचा प्रश्न मला असा समजला: लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहातलं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या प्रोकुदिन-गोर्स्की या रशियन छायाचित्रकाराच्या एका काचेच्या निगेटिव्हचं मोठं स्कॅन उतरवलंत, त्याचे तीन तुकडे केलेत, पायथनमध्ये ते सरकवून एकमेकांवर बसवलेत. मध्यभागी मस्त जुळतंय, पण कोपऱ्यांत लाल-निळी झालर राहते, नदीच्या पाण्यात इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसतात आणि सावल्या निळसर तर उजेडाच्या जागा पिवळट झाल्यात. मग विचारलंत की दुसरं चांगलं सॉफ्टवेअर कुठलं, की सरळ एआयकडून रंग भरून घेऊ?

एआयचं आधी सांगतो कारण ते एका वाक्यात संपतं: नको. रंग भरणारं सॉफ्टवेअर एकच काळापांढरा फोटो बघून अंदाज बांधतं की गवत हिरवं असेल, कातडी गव्हाळ असेल. तुमच्याकडे अंदाजाची गरजच नाही, त्या काचेवर त्या दिवशीच्या उजेडाची तीन वेगवेगळी मोजमापं नोंदवलेली आहेत. १९११ साली प्रोकुदिन-गोर्स्कीने फोटो काढला तेव्हा मध्य आशियातल्या बुखाऱ्याच्या अमीराने, आलिम खानाने, निळा झगा घातला होता हे आपल्याला ठाऊक आहे ते निळ्या फिल्टरमधल्या फ्रेममध्ये तो झगा उजळ आहे आणि लाल फिल्टरमधल्या फ्रेममध्ये जवळजवळ काळा आहे म्हणून. ही नोंद हातात असताना कुणाचा अंदाज का घ्यायचा?

आता खरा प्रश्न. तुम्ही तीन तक्रारी एकत्र लिहिल्यात म्हणून तो सॉफ्टवेअरचा प्रश्न वाटतोय, पण कोपऱ्यांतली झालर, पाण्यातले पट्टे आणि सावल्यांचा निळेपणा या तिन्हींची कारणं पूर्ण वेगळी आहेत, एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. पहिलं भूमितीचं, दुसरं वेळेचं, तिसरं रसायनाचं. मी अशा तीन-फ्रेम निगेटिव्हवर बरंच काम केलंय आणि लोक अडकतात ते बहुतेक वेळा याच ठिकाणी, म्हणजे झालर दिसली की अलाइनमेंटचा, म्हणजे फ्रेम जुळवण्याचा, कोड बदलत बसतात.

प्लेट काय आहे ते एकदा डोळ्यासमोर आणा. साधारण ९ सेंटिमीटर रुंद आणि २४ सेंटिमीटर लांब काच, तिच्यावर एकाखाली एक तीन चित्रं, वरून खाली निळ्या, हिरव्या आणि लाल फिल्टरमधून घेतलेली. कॅमेरा एक, लेन्स एक, प्लेट मागे सरकवत एकामागून एक तीन एक्स्पोजर दिलेली. १८६१ साली भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने लंडनमध्ये तीन फिल्टरमधून घेतलेल्या चित्रांतून रंग उभा करून दाखवला होता, तत्त्व तेच, फक्त मधल्या काळात प्लेटा लाल उजेडाला संवेदनशील करणारे रंगद्रव्य सापडले आणि बर्लिनच्या मीथे या रसायनशास्त्रज्ञाने या पद्धतीचा कॅमेरा नीट बसवला, प्रोकुदिन-गोर्स्की त्याच्याकडेच शिकला. लेन्स एकच असल्यामुळे तिन्ही चित्रांत पॅरलॅक्स, म्हणजे बघायची जागा बदलल्याने पडणारा फरक, नाही, जवळचं झाड आणि लांबचा डोंगर एकाच मापाने सरकलेले असतात. ही फार मोठी सोय आहे. पण तीन क्षण वेगळे आहेत, ही अडचण. दोन्ही लक्षात ठेवा.

एक क्षुल्लक पण आधी तपासायची गोष्ट: रंगीत फाइल लाल, हिरवा, निळा अशा तीन चॅनलची (थरांची) बनते, त्यातल्या निळ्या चॅनलमध्ये वरचा तुकडा जायला हवा. उलटं झालं तर चेहरे निळे दिसतात, लगेच कळतं. आणि संग्रहाची १६ बिटची टिफ फाइल घ्या, जेपेग नको, कारण पुढे सावल्या ताणायच्या आहेत आणि ८ बिटमध्ये छटा कमी असल्याने तिथे पायऱ्या पडतात. या फाइल्स आधीच पॉझिटिव्ह, म्हणजे उलटून सरळ, करून ठेवलेल्या आहेत.  

भूमिती

तुम्ही फक्त डावीउजवीकडे आणि वरखाली सरकवलंत. सुरुवात तशीच करायची असते, पण तिथे थांबून चालत नाही. लेन्स निळ्या आणि लाल उजेडाला अगदी नेमकी सारख्या मापाची प्रतिमा देत नाही, शिवाय प्लेट सरकताना केसभर तिरकी बसते. हजारात एक इतका मापाचा फरक ऐकायला काहीच नाही, पण तुमचं स्कॅन साधारण ३७०० पिक्सेल रुंद आहे, मध्यभागापासून कडेपर्यंत १८५० पिक्सेल, म्हणजे मध्ये शून्य चूक आणि कडेला जवळजवळ २ पिक्सेलची चूक. २ पिक्सेल म्हणजे डोळ्याला स्पष्ट दिसणारी झालर. तुमचं वर्णन ऐकून मला पहिली शंका हीच आली.

पण शंका मोजून बघा. मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांच्या जरा आत ३००-४०० पिक्सेलचे पाच चौकोन घ्या, प्रत्येकात हिरव्याच्या तुलनेत लाल किती सरकलाय ते वेगवेगळं काढा. चौकोन अशा जागी घ्या जिथे काहीतरी टणक आहे, भिंत, कुंपण, खडक. आकाश किंवा पाणी नको. पाचही ठिकाणी सारखाच आकडा आला तर सरकवणं पुरेसं आहे. प्रत्येक सरक बाणाने काढून बघितली आणि कोपऱ्यांतले बाण मध्यापासून बाहेर (किंवा आत) जाताना दिसले तर मापाचा फरक. सगळे एकाच दिशेने गोल फिरल्यासारखे दिसले तर तिरकेपणा. आणि चारी दिशांना वेडेवाकडे आले तर एक तर चौकोनातली वस्तूच हलली आहे नाहीतर काचेवरचा प्रकाशसंवेदी थर कुठेतरी सुटलाय. या पाच आकड्यांवर मला कुठल्याही सॉफ्टवेअरच्या नावापेक्षा जास्त भरवसा आहे.

पाया म्हणून हिरवा घ्या. बरेच जण निळ्यावर लाल बसवतात, आणि ते दोघं एकमेकांपासून सगळ्यात लांब आहेत, निळ्यात जे उजळ ते लालमध्ये काळं असण्याची शक्यता तिथेच सगळ्यात जास्त. हिरवा दोघांच्या मध्ये बसतो, दोघांशी त्याचं थोडंफार जमतं, आणि डोळ्याला जाणवणारा बारकावाही मुख्यतः त्यातूनच येतो म्हणून तो अजिबात न हलवता ठेवलेला बरा.

जुळलंय की नाही हे कोडला कसं कळतं, हा पुढचा मुद्दा. पिक्सेलच्या किमतींतल्या फरकाचा वर्ग करून बेरीज करत असाल तर अमीराच्या फोटोवर ते हमखास फसतं. झगा एका फ्रेममध्ये पांढुरका आणि दुसऱ्यात काळा, कोडला वाटतं हे जुळतच नाही, आणि तो भलत्याच जागी सरकवून फरक कमी करतो. म्हणून किमतींची तुलना न करता कडांची तुलना करा. झग्याचा रंग कसाही असो, झगा जिथे संपतो ती रेघ तिन्ही फ्रेममध्ये त्याच जागी आहे. सोबेल फिल्टर (कडा शोधणारं गणित) लावून कडेची दिशा टाकून द्या, फक्त कडेची तीव्रता ठेवा, आणि त्यावर नॉर्मलाइज्ड को-रिलेशन, म्हणजे दोन चित्रं किती जुळतात याचा आकडा, काढा. एवढ्या एका बदलाने हट्टी प्लेटा सरळ होतात. त्याहून पुढे जायचं तर म्युच्युअल इन्फर्मेशन (एका फ्रेमवरून दुसरीबद्दल किती कळतं) हे माप आहे, वैद्यकीय क्षेत्रात सीटी आणि एमआरआय जुळवायला वापरतात तेच, तिथेही एकात पांढरं ते दुसऱ्यात काळं असतंच. पण या कामाला कडा बहुतेक वेळा पुरतात.

आणि कुठलंही माप घेण्याआधी चहूबाजूंनी दहा टक्के कापून टाका, निदान मोजणीपुरतं तरी. प्लेटच्या काळ्या कडा आणि सुटलेला थर चित्रापेक्षा ठळक असतो, कोड चित्र न जुळवता चौकटच जुळवून देतो आणि आकडा मात्र झकास दाखवतो. फेज को-रिलेशन (फूरिये गणितातून सरक काढणारी पद्धत) वापरत असाल तर हे दुप्पट लागू, तिथे चित्राच्या कडांकडे हळूहळू शून्य होणारी विंडो, म्हणजे वजनांची चौकट, सुद्धा लावा.

वेगाबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय की मोठ्या फाइलवर कोड तासन्‌तास चालतो. चालणारच. दोन्ही दिशांना उणे १५० ते अधिक १५० पिक्सेल शोधायचे म्हणजे ९०,६०१ जागा, एकेका फ्रेममध्ये सव्वा कोटीच्या आसपास पिक्सेल, गुणाकार एक लाख कोटीच्या वर जातो. चित्र चार वेळा निम्मं करा, त्या छोट्या चित्रावर फक्त १० पिक्सेल इकडेतिकडे शोधा, म्हणजे मूळ मापात १६० पिक्सेल झाले. मग एकेक पायरी मोठं करत जा, आलेला आकडा दुप्पट करा आणि त्याच्या आसपास २ पिक्सेल तपासा. याला पिरॅमिड म्हणतात, काही सेकंदांत होतं.

इथून आलेली जागा ही फक्त सुरुवात धरा आणि तिथून ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या मोफत कोड-संग्रहातलं ईसीसी हे जुळवणीचं फंक्शन चालवा, अ‍ॅफाइन मोडमध्ये. ते सरकणं, फिरणं, माप सगळं एकत्र आणि पिक्सेलच्या अंशापर्यंत काढून देतं, आणि एका चॅनलचा उजेड-कॉन्ट्रास्ट वेगळा असला तरी त्याला फरक पडत नाही. सुरुवात चांगली दिली नाही तर मात्र ते भरकटतं, म्हणून पिरॅमिड वगळू नका. चित्रही प्रत्येक पायरीला सरकवून सेव्ह करू नका, सगळी मोजणी संपल्यावर मूळ चॅनलवर एकदाच बदल करा, नाहीतर दरवेळी थोडं थोडं धूसर होत जातं आणि लाल-निळा मऊ, हिरवा धारदार अशी नवीनच झालर तयार होते. कोड लिहायचा नसेल तर ह्युगिन या फोटो जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं अलाइनमेंटचं साधन माप आणि फिरणंही सांभाळतं. गिंप या फोटो-एडिटरमध्ये तीन लेअर्स ठेवून हातानेही चांगलं होतं, फक्त वेळ लागतो. २००१ च्या प्रदर्शनासाठी लायब्ररीने १२२ चित्रं एका माणसाकडून हाताने जुळवून घेतली होती, आणि २००४ मध्ये सगळ्या १९०२ निगेटिव्ह स्वयंचलित पद्धतीने केल्या. दोन्ही उपलब्ध आहेत, तुमची प्लेट त्यात शोधा आणि शेजारी ठेवून बघा, कुठे तुमचं बरं आहे आणि कुठे त्यांचं हे बघण्यात शिकायला खूप मिळतं.

पाणी आणि माणसं

हे जुळणार नाही, आणि ते जुळवायचा हट्टही नको. तीन एक्स्पोजरच्या मध्ये काही क्षण गेलेत, लाट पुढे गेली, निळ्या फ्रेममधली लाट लालमध्ये अस्तित्वातच नाही. काकेशसमध्ये एका ओढ्याकाठी बसलेला प्रोकुदिन-गोर्स्कीचा स्वतःचा फोटो बघा, खडक आणि तो स्वतः स्थिर, वाहत्या पाण्यात मात्र रंगांचे तुकडे. ऑप्टिकल फ्लो (प्रत्येक ठिपका कुठे सरकला ते शोधणारी पद्धत) लावून पाणी जुळवायचा प्रयत्न केलात तर सॉफ्टवेअर नसलेल्या लाटांच्या जोड्या लावतं आणि पाण्याला सुरकुत्या पडतात. धूर आणि ढगांचंही तेच.

माणसाचं थोडं वेगळं. मान किंचित कलली, हात बोटभर हलला, तर वस्तू तीच आहे आणि फक्त जागा बदलली, तेव्हा तेवढाच भाग मास्क करून वेगळा अलाइन करता येतो, मी करतो. चेहऱ्यावर हे करायला हरकत नाही असं माझं मत आहे, कारण त्यात नवीन काही घुसवत नाही. पाण्यासाठी लोक एक युक्ती करतात, उजेडाचा भाग हिरव्यातून घ्यायचा आणि रंगाचा भाग त्या जागेपुरता खूप धूसर करायचा, पट्टे विरतात. दिसायला छान दिसतं. छापायला किंवा भिंतीवर लावायला करा, पण तशी प्रत वेगळी ठेवा आणि नावातच लिहा की पाणी सारवलंय. मूळ जुळवणीत मी ते पट्टे राहू देतो. तिन्ही क्षण खरे होते आणि पट्टे म्हणजे त्यांच्यातलं अंतर आहे, ती खोट नाही.

सावल्या निळ्या, उजेड पिवळा

या भागावर कमी बोललं जातं म्हणून जरा थांबतो. चांदीच्या इमल्शनचा, म्हणजे काचेवरच्या त्या थराचा, कॉन्ट्रास्ट सगळ्या रंगांच्या उजेडाला सारखा नसतो, निळ्या उजेडाने घेतलेली निगेटिव्ह तेवढ्याच डेव्हलपिंगमध्ये मवाळ, म्हणजे कमी कॉन्ट्रास्टची, येते. पुढच्या काळात रंगीत छपाईसाठी तीन वेगळ्या निगेटिव्ह करणारे लोक म्हणूनच निळ्या फिल्टरवालीला डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवत. इथे तिन्ही चित्रं एकाच काचेवर, एकदमच बुडवलेली, तेव्हा ती सोय नाही. मग निळा चॅनल मवाळ राहतो: सावल्यांत जितका गडद व्हायला हवा तितका होत नाही म्हणून सावल्या निळ्या, आणि उजेडात जितका चढायला हवा तितका चढत नाही म्हणून पांढरं पिवळट. तुमचं वर्णन याच्याशी तंतोतंत जुळतं.

यावर व्हाइट बॅलन्स चालत नाही. एका ठिकाणी क्लिक करून पांढरं पांढरं केलंत की सावल्या आणखी निळ्या होतात, कारण तुम्ही अख्खा चॅनल एका आकड्याने गुणताय आणि बिघाड उताराचा, म्हणजे उजेड वाढताना चॅनल किती चढतो त्याचा, आहे. फोटोत मुळात करड्या असणाऱ्या तीन गोष्टी शोधा: उजेडातली चुन्याची भिंत किंवा पांढरा सदरा, मधल्या टोनचा दगड किंवा उन्हापावसात राखाडी झालेलं लाकूड, आणि दाराच्या आतला अंधार. तिन्ही ठिकाणी लाल, हिरवा, निळा यांचे आकडे लिहून काढा. मग काळा बिंदू आणि पांढरा बिंदू प्रत्येक चॅनलला वेगळा बसवा आणि शेवटी गॅमाने (मधले टोन उजळ-गडद करणारा आकडा) लाल आणि निळ्याचा मधला टोन हिरव्याशी जुळवा. हिरव्याच्या गॅमाला हात लावू नका.

पण त्या तिन्ही गोष्टी जवळच्या असू द्या. लांबच्या डोंगरावर निळा चॅनल मवाळ असतो तो हवेमुळे, धुकं निळ्यात सगळ्यात जास्त दिसतं, आणि ते खरंच तिथे होतं. ऑटो लेव्हल्सचं (प्रत्येक चॅनल आपोआप ताणणारं) बटण दाबलं की हे दोन्ही मवाळपणे एकाच तराजूत जातात, लांबचे डोंगर जवळ आल्यासारखे दिसतात आणि शंभर वर्षांपूर्वीची हवाच फोटोतून निघून जाते. ग्रे वर्ल्ड नावाची पद्धतही जंगलाच्या फोटोवर लावू नका, ती गृहीत धरते की सरासरी करडी आहे, सगळीकडे झाडं असली तर सगळी झाडं जांभळट करून ठेवते.

इतकं करूनही रंग अगदी अस्सल आहेत असं म्हणता येत नाही, कारण प्रोकुदिन-गोर्स्कीच्या फिल्टरचे रंग आणि तुमच्या स्क्रीनचे तीन रंग एक नाहीत, आणि तो स्वतः हे चित्र काचेच्या पॉझिटिव्हमधून तीन फिल्टर लावून पडद्यावर दाखवायचा. शास्त्रोक्त करायचं तर त्याच्या फिल्टरचे रंग स्क्रीनच्या रंगांत नेणारं तीन बाय तीनचं मॅट्रिक्स (आकड्यांचा चौकोन) लागेल, आणि ते बसवायला फोटोत माहीत असलेल्या रंगांचा तक्ता लागेल, तो त्यात नाही. म्हणून मी सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, वाढवत नाही. कातडी, गवत आणि वीट हे तिन्ही एकाच वेळी पटण्यासारखे दिसले की थांबतो. यातलं एकच सुधारायला बाकीचे दोन बिघडवावे लागत असतील तर समजावं की चूक सॅच्युरेशनची नाही, उताराची आहे, परत मागे जा.

डागांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण पुढे तेच विचाराल. प्रत्येक चॅनलचे डाग वेगळे असल्यामुळे ते जोडल्यावर रंगीत ठिपके होतात, आणि ठिपक्याचा रंग बघून कारण कळतं. काचेवर धूळ होती तर स्कॅन करताना उजेड अडला, पॉझिटिव्हमध्ये तिथे उजळ झालं, म्हणजे निळ्या फ्रेमवरची धूळ निळा ठिपका देते. थर खरवडला गेला असेल तर उलट, तिथे निळा गायब आणि ठिपका पिवळा. डाग साफ करायचे ते जोडण्याआधी, त्या त्या चॅनलवर, म्हणजे बाकीच्या दोन चॅनलमधली खरी माहिती शाबूत राहते. फक्त एकाच चॅनलमध्ये दिसतं ते सगळं डाग, असा कोड मात्र आंधळेपणाने चालवू नका. झुडपावरची लाल फळंसुद्धा मुख्यतः एकाच चॅनलमध्ये उजळ असतात आणि ती पुसली जातात.

तुमच्या प्लेटसाठी क्रम असा ठेवा: आधी पाच चौकोन मोजा, मग हिरव्यावर अ‍ॅफाइन, मग चॅनलवार डाग, मग जोडणी, आणि उतार सगळ्यात शेवटी. प्लेटवर नदी आहे म्हणालात तर कोपऱ्यांतले दोन चौकोन पाण्यात पडणार नाहीत असे जरा वर घ्या. पाचही चौकोनांचे लाल आणि निळ्याचे आकडे मिळाले की इथे लिहा, सोबत तिन्ही करड्या जागांचे आकडेही द्या. मग माप आहे की तिरकेपणा, आणि निळ्याला गॅमा साधारण किती लागेल, ते बघून सांगतो.